"तो आमचा माणूस नव्हता": रस्त्यावरच्या मरणाचा मालक कोण?

रस्त्यात खड्डा खणलेला असतो. कुणी केबल टाकत असतो, कुणी पाइप बदलत असतो, कुणी मॅनहोलमध्ये उतरलेला असतो. काम वीज कंपनीचे, जल मंडळाचे किंवा पालिकेचे. पण माणूस मेला की उत्तर ठरलेले: "तो आमचा माणूस नव्हता, कंत्राटदाराचा होता."

मित्रांनो, हा बचाव किती जुना आहे ते पाहा. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातच, कलम 12 मध्ये, त्याला उत्तर दिले होते. मालकाने स्वतःच्या धंद्याचे नेहमीचे काम कंत्राटावर दिले, तरी अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते. त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण त्याच कलमात एक पळवाटही होती. अपघात मालकाच्या ताब्यातील किंवा त्याने काम हाती घेतलेल्या जागेत, नाहीतर तिच्या आसपास घडलेला असावा. कारखान्याला भिंत असते, रस्त्याला नसते. तिथेच वाद घालायला जागा मिळते.

1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथे कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणूनच कसा अडकून राहतो, हेही त्यांनी दाखवले. आजचे कंत्राट या दोन्ही शत्रूंची गाठ घालून देते. धोक्याचे काम कुणाच्या वाट्याला येणार हे जात ठरवते आणि त्याची जबाबदारी कुणावर येऊ नये हे कंत्राट ठरवते.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मुख्य मालकाला जबाबदार धरले, पण मुख्यतः मजुरी आणि सोयींपुरते. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मालकाने द्यायचा. मात्र खड्ड्याला आधार आहे का, मॅनहोलमधला वायू तपासला का, या प्रश्नांना त्यात प्रथमोपचार पेटीपलीकडे फारसे उत्तर नव्हते.

मोठी कलाटणी मिळाली ती गटारातल्या मृत्यूंमुळे. दिल्ली जल मंडळ उच्च न्यायालयाच्या आदेशांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2011 मध्ये हरले. धोक्याच्या कामाला लावलेल्या माणसाची सुरक्षा ही शासकीय यंत्रणा आणि तिचे कंत्राटदार या दोघांचीही घटनात्मक जबाबदारी आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. 2013 च्या कायद्याने गटाराच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यावर बंदी घातली. त्यात थेट नेमणुकीबरोबर अप्रत्यक्ष नेमणूकही धरली आहे. 2014 मध्ये न्यायालयाने गटारातील प्रत्येक मृत्यूमागे 10 लाख रुपये भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती 30 लाख केली.

आता उलटा प्रवासही दिसतो. 1970 चा कायदा 20 कंत्राटी कामगारांपासून लागू होत होता. नव्या श्रमसंहितेने ही मर्यादा 50 केली. रस्त्यावरच्या टोळीत 50 माणसे असतात तरी कधी?

म्हणून कार्यकर्त्यांनी एक सवय लावून घ्यावी. अपघात झाला की तक्रारीत फक्त मुकादमाचे आणि कंत्राटदाराचे नाव लिहू नका. काम कुणाचे होते, वर्क ऑर्डर कुणी काढली, हे शोधा आणि ते नाव सगळ्यात वर लिहा. भरपाई कुटुंबाला जगवते. पण पुढचा माणूस तेव्हाच वाचेल, जेव्हा मालकाला कंत्राटाआड लपता येणार नाही.

जय भीम!