गव्हाचा गुन्हा आणि रक्ताची साक्ष

रोगांचे इतिहास बहुधा औषधाच्या शोधापाशी येऊन संपतात. सीलिअ‍ॅक रोगाचा इतिहास तसा संपत नाही. ह्या रोगावर औषध नाही. पथ्य आहे, आणि तेही जन्मभराचे. गहू, सातू आणि राय ही धान्ये कायमची वर्ज्य करावयाची. इतके कडक पथ्य कोणास सांगावे व कोणास सांगू नये, हे ठरविणारा पुरावा म्हणूनच येथे औषधाइतका मोलाचा ठरतो. आज हा पुरावा रक्ताच्या लहानशा नमुन्यात मिळतो. तो मिळेपर्यंत किती वळणे घ्यावी लागली, ते श्रोत्यांपुढे मांडावे असा आमचा हेतू आहे.

रोगाचे नाव जुने आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशियाच्या अरीटीयस नामक ग्रीक वैद्याने, खाल्लेले अन्न न पचता तसेच बाहेर पडणाऱ्या रोग्यांचे वर्णन केले व पोट ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांस नाव दिले. पुढे १८८७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात डॉ. सॅम्युएल गी ह्यांनी ह्या रोगावर एक व्याख्यान दिले. ते १८८८ साली छापले गेले. फिकट चेहऱ्याचे, पोट फुगलेले, पांढुरके व दुर्गंधी शौच होणारे आणि दिवसेंदिवस खंगत जाणारे मूल त्यांनी नेमके रेखाटले. हा रोग बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असे त्यांनी सांगितले. रोज शिंपल्यांतील मांस खाऊन टवटवीत झालेल्या आणि शिंपल्यांचा हंगाम सरताच पुन्हा आजारी पडलेल्या एका मुलाची हकीकतही त्यांनी नोंदली.

येथवर सारे बरोबर होते. परंतु पथ्य सांगताना गी ह्यांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य ठरविले, आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाच्या पातळ कापास मात्र मुभा दिली! निरपराध्याला शिक्षा झाली आणि गुन्हेगार पानावर बसूनच राहिला.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास ह्यांनी केळ्यांचा आहार पुढे आणला. मुले सुधारली, तेव्हा गुण केळ्यांचा आहे असे हास ह्यांना वाटले. खरा गुण होता तो त्या ताटात पाव नसण्याचा. ताटात काय आहे हे दिसते. काय नाही ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

जे ताटात नाही त्याकडे पाहिले ते हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके ह्यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि ही मुले उलट सुधारली. तेव्हा डिके ह्यांना शोध लागला, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. गोष्ट रंजक आहे, पण अर्धीच खरी आहे. गहू वगळण्याचे प्रयोग डिके युद्धापूर्वीच करीत होते, आणि १९४१ साली त्यांनी त्यावर लिहिलेही होते. दुष्काळाने त्यांच्या संशयाला बळ दिले, इतकेच. युद्धानंतर व्हान दे कामर आणि वायर्स ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांना कधी गहू देऊन, कधी तो काढून, शौचातून वाया जाणारी चरबी मोजली. १९५० साली डिके ह्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. दोष गव्हाच्या पिठूळ भागात नसून ग्लूटेन ह्या चिवट प्रथिनात आहे, हे थोड्याच काळात स्पष्ट झाले.

गुन्हेगार सापडला, रोगी ओळखायचा कसा? लहान आतड्याच्या आतील मखमलीसारखे अस्तर ह्या रोगात सपाट होते, हे १९५४ साली इंग्लंडात पॉली ह्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांवरून दाखविले. १९५६ साली मार्गो शायनर ह्यांनी तोंडावाटे नळी घालून असा तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६९ साली युरोपातील बालरोगतज्ज्ञांनी ठरविलेल्या कसोटीप्रमाणे मुलाच्या आतड्याचा तुकडा तीनदा काढावा लागे: गहू खात असताना, तो सोडल्यावर, आणि पुन्हा सुरू केल्यावर. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे किती जड जात असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

ह्या हालांतून सोडविले ते रक्ताने. गव्हातील प्रथिनाविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे आधी तपासली जात. पण ती निरोगी माणसांतही आढळत. १९८३ साली चोर्झेल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या रोगातील एक अधिक नेमके प्रतिपिंड वर्णिले. ते पाहण्यासाठी माकडाच्या अन्ननलिकेचे पातळ काप लागत. अखेर १९९७ साली बर्लिनमध्ये डीटरिख, शुप्पान आणि सहकाऱ्यांनी ह्या प्रतिपिंडाचे खरे लक्ष्य शोधले. ते होते टिश्यू ट्रान्सग्लूटामिनेज, म्हणजे आपल्याच शरीरातील एक विकर! निमित्त गव्हाचे, पण घाव घरच्यावरच. त्यानंतर साध्या प्रयोगशाळेतही ही तपासणी करता येऊ लागली. २०१२ पासून युरोपातील नियमांनी, हे प्रतिपिंड मर्यादेच्या दसपटीहून अधिक असेल व अन्य ठरावीक रक्ततपासण्याही जुळत असतील, तर मुलांच्या आतड्याचा तुकडा न काढण्याची मोकळीक दिली आहे.

हा रोग गोऱ्या लोकांचाच, हा समजही टिकला नाही. उत्तर भारतातील मुलांतील सीलिअ‍ॅकवर १९६६ सालीच निबंध प्रसिद्ध झाला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही प्रतिपिंडे उत्तर भारतात सुमारे १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. रोगाला अनुकूल अशी आनुवंशिक ठेवण दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. फरक मोठा होता तो रोजच्या गव्हात. आपली ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ ह्या रोग्यांना चालतात. तरी बिस्किटांतून, रव्यातून, फार काय बाजारच्या खड्याच्या वा पुडीच्या हिंगातूनही गहू पोटात जाऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. ही रक्ताची साक्ष गहू खाणाऱ्याच्याच रक्तात मिळते. गहू सोडला की काही महिन्यांत प्रतिपिंडे ओसरतात आणि आतडेही भरून येऊ लागते. आजकाल कोणाचे तरी ऐकून आधी पोळी सोडायची व मग तपासणीला जायचे, असा प्रघात पडू लागला आहे. तेव्हा रक्त निर्दोषत्वाचा दाखला देते, आणि खरा रोगी वर्षभराने निर्धास्तपणे पुन्हा पोळी खाऊ लागतो. उलट, सीलिअ‍ॅक नसताना गव्हाने त्रास होणारेही लोक आहेत. त्यांचा त्रास खोटा नव्हे, पण तो सिद्ध करणारी रक्ततपासणी अद्याप नाही. काहींच्या रक्तात ‘ए’ जातीची प्रतिपिंडे मुळातच कमी असतात. त्यांच्यासाठी एकूण प्रमाण मोजून निराळी तपासणी करावी लागते.

गी ह्यांनी भाताला दोष दिला, हास ह्यांनी केळ्याला श्रेय दिले. दोघेही सज्जन आणि विद्वान होते. डिके ह्यांनी मात्र गहू देऊन पाहिला, काढून पाहिला, आणि मोजले. आम्हांस ह्या इतिहासातून एकच घ्यावेसे वाटते: घरात मूल खंगत असेल तर ताटातील पोळी काढण्यापूर्वी वैद्याकडे जावे, आणि रक्ताची साक्ष आधी नोंदवून घ्यावी.