रांगेचं गणित मांडणारा शिक्षक

रांगेला उर्दूत ‘क़तार’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला. एकामागोमाग चालणाऱ्या उंटांच्या ओळीला अरबीत ‘क़ितार’ म्हणत. आज तोच शब्द तिथे रेल्वेगाडीसाठी वापरतात.

आपल्या मोहल्ल्यांत रेशन, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज यांसाठी रांगा लागतात, तेव्हा दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं असतं. ‘या वस्त्यांत लोकसंख्याच फार’, ‘या लोकांना शिस्त नाही’, ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. मी भाषा शिकवतो, गणित माझा विषय नाही. तरीही रांगेच्या शास्त्राचा इतिहास वाचावासा वाटला, कारण त्याचा पाया घालणारा माणूस मुळात शिक्षक होता.

अ‍ॅग्नर एर्लांग यांचा जन्म १८७८मध्ये डेन्मार्कमधल्या एका खेड्यात झाला. वडीलही शाळामास्तर. काही वर्षं शिकवल्यावर १९०८मध्ये ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रुजू झाले. कंपनीपुढे प्रश्न होता, तारा किती टाकायच्या? कमी टाकल्या तर लोकांचे फोन लागणार नाहीत, जास्त टाकल्या तर पैसा वाया जाणार.

नुसती सरासरी काढून हा प्रश्न सुटत नव्हता. तासाला साठ फोन येतात म्हणजे दर मिनिटाला एक येतो, असं होत नाही. कधी पाच एकदम येतात, कधी बराच वेळ एकही नाही. या अनियमिततेलाही नियम असतो, हे एर्लांग यांनी १९०९च्या लेखात दाखवलं. १९१७मध्ये त्यांनी किती जणांचा फोन लागणार नाही आणि किती वेळ थांबावं लागेल, हे काढण्याची सूत्रं दिली. १९२९मध्ये ते वारले. पुढे टेलिफोनच्या वर्दळीचं माप ‘एर्लांग’ याच नावाने ओळखलं जाऊ लागलं.

या शास्त्राचा पाया तीन गोष्टींवर आहे: माणसं कशी येतात, एकाच्या कामाला किती वेळ लागतो आणि खिडक्या किती.

समजा, एक खिडकी आहे. एका माणसाला सरासरी पाच मिनिटं लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. लोक आपापल्या सवडीने येतात. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल, तर सूत्रानुसार सरासरी २० मिनिटं रांगेत थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ४५ मिनिटं. ९५ टक्क्यांना ९५ मिनिटं. गर्दी थोडीशीच वाढली, कारकून तितकाच मन लावून काम करतोय, लोकही शिस्तीत उभे आहेत, तरी रांग कित्येक पटींनी लांबते.

आता ९० टक्क्यांच्या ठिकाणी दुसरी खिडकी उघडा आणि दोन्हींसाठी एकच रांग ठेवा. ४५ मिनिटांचं थांबणं साधारण सव्वा मिनिटावर येतं! एका खिडकीने एवढा फरक पडतो, यावर माझाही आधी विश्वास बसला नव्हता. कारण साधं आहे. एकदम आलेले चार-पाच जण सामावून घ्यायला आता जागा असते.

१९६१मध्ये अमेरिकेत जॉन लिटल यांनी आणखी एक सोपा नियम सिद्ध केला. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचे थांबण्याचे तास. तासाला दहा माणसं येत असतील आणि रांगेत नेहमी तीसएक उभी असतील, तर प्रत्येकाचे सरासरी तीन तास जातात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईसाठी तीन तास म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी.

हा हिशेब करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. वही, पेन आणि घड्याळ पुरे. आठवडाभर नोंदी ठेवून नगरसेवकाकडे गेलो, तर ‘तुमच्याकडे गर्दीच फार’ या उत्तरापुढे गप्प बसावं लागणार नाही. गर्दी किती आहे ते आकड्यांत सांगता येईल आणि तिच्यासाठी किती खिडक्या हव्यात, तेही.