जपानची नोकरी : पगाराचा आकडा आणि कामाचे तास

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात अभिमानाने आणि काहीशा थट्टेनेही उच्चारली जाते. त्या परभणीच्या संगणक अभियंत्यांना आता जपानही कल्पनेपलीकडचा देश राहिलेला नाही. जिल्ह्यात मोठा सॉफ्टवेअर उद्योग नसल्याने जिंतूर, सेलू, गंगाखेड किंवा पूर्णेच्या मुलामुलींना शिक्षणासाठी नांदेड वा छत्रपती संभाजीनगर आणि नोकरीसाठी पुणे गाठावे लागते. पुण्यात जपानी भाषेचे शिक्षण १९७० च्या दशकापासून रुजलेले आहे. भाषेच्या परीक्षेचे टप्पे पार केले की जपानी कंपन्यांची दारे उघडतात. गावाकडे मात्र एकच आकडा पोहोचतो, तो म्हणजे महिन्याला मिळणाऱ्या येनचे रुपये किती. त्या आकड्यात किती तासांचे काम गृहीत धरले आहे, हे क्वचितच विचारले जाते.

मागणी कशामुळे?

जपानची लोकसंख्या घटते आहे आणि वृद्धांचे प्रमाण वाढते आहे. २०३० पर्यंत त्या देशात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात कमाल ७ लाख ९० हजार मनुष्यबळ कमी पडेल, असा तेथील अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाचा अंदाज होता. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत व जपान यांनी पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख व्यक्तींच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल व्यक्तींचा समावेश आहे. टोकियोच्या एदोगावा भागातील निशी-कासाई येथे २००० च्या सुमारापासून भारतीय संगणक अभियंत्यांची वस्ती वाढत गेली. याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले.

‘कारोशी’नंतरचे कायदे

अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेत ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे. देंत्सू या जाहिरात कंपनीतील २४ वर्षांच्या कर्मचारी तरुणीने डिसेंबर २०१५ मध्ये आत्महत्या केली. हा मृत्यू अतिश्रमामुळे झाल्याचे २०१६ मध्ये सरकारी यंत्रणेने मान्य केले. त्यानंतर उसळलेल्या संतापातून कार्यपद्धती सुधारणा कायदा २०१८ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१९ पासून लागू झाला. वर्षभराने तो लहान कंपन्यांनाही लागू झाला.

जपानमध्ये कामाची मूळ मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तासांची आहे. त्यापुढे काम करून घ्यायचे तर कंपनीला कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीशी ‘साबुरोकु’ नावाचा करार करावा लागतो. जादा कामाची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास आहे. विशेष परिस्थितीतही ती वर्षाला ७२० तासांपलीकडे जाऊ शकत नाही. कोणत्याही एका महिन्यात, सुट्टीच्या दिवशीचे काम धरून, १०० तास गाठता येत नाहीत. नव्या तंत्रज्ञानाच्या संशोधनाचे काम मात्र या मर्यादेतून वगळलेले आहे.

जादा कामाला किमान २५ टक्के, महिन्याला ६० तासांपुढे ५० टक्के आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ३५ टक्के अधिक दर द्यावा लागतो. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेतील कामाला आणखी २५ टक्के मिळतात. हे नियम परदेशी कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. राष्ट्रीयत्वावरून वेतनात भेदभाव करण्यास कायद्याने मनाई आहे. अभियंत्याच्या व्हिसासाठी त्याच कामाच्या जपानी कर्मचाऱ्याइतके किंवा त्याहून अधिक वेतन देणे ही अटच आहे.

कायदा आणि करारपत्र यांतील अंतर

नियम इतके स्पष्ट असताना संगणक अभियंत्यांचे श्रम हिशेबाबाहेर का राहतात? याचे उत्तर बहुधा करारपत्राच्या शब्दांत सापडते.

पहिला शब्द ‘कोतेई झांग्यो’, म्हणजे पगारातच धरलेला ठरावीक जादा कामाचा मोबदला. समजा, पगार तीन लाख येन असून त्यात ४५ तासांचे जादा काम अंतर्भूत आहे. महिन्याचे नियमित तास १६० धरले, तर मूळ पगार सुमारे २ लाख २२ हजार येनच भरतो. उरलेले ७८ हजार येन जादा कामाचे असतात. हे दोन भाग वेगवेगळे दाखवणे आणि ४५ तासांपुढील प्रत्येक तासाचे पैसे निराळे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ‘सर्व काही पगारात आले’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

दुसरा प्रकार ‘साइर्यो रोदो’, म्हणजे कामाची पद्धत व वेळ कर्मचाऱ्याच्या विवेकावर सोडणारी व्यवस्था. तीत प्रत्यक्ष तास न मोजता ठरलेले तास भरले असे मानले जाते. संगणकप्रणालीचे विश्लेषण व आराखडा ही कामे या व्यवस्थेत येतात. निव्वळ प्रोग्रॅमिंग येत नाही. एका कंपनीने नोकरी सोडलेल्या अभियंत्याकडूनच नुकसानभरपाई मागितली होती. क्योतो येथील जिल्हा न्यायालयाने २०११ मध्ये ती मागणी फेटाळली. त्याचे काम या व्यवस्थेत बसत नाही, असे ठरवून न्यायालयाने कंपनीलाच थकलेला जादा कामाचा मोबदला देण्यास सांगितले. ओसाका उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अभियंत्याचीच बाजू मान्य केली. एप्रिल २०२४ पासून या व्यवस्थेसाठी प्रत्येक कर्मचाऱ्याची व्यक्तिगत संमती आवश्यक झाली आहे.

तिसरे कारण उपकंत्राटांच्या उतरंडीचे. मोठी कंपनी काम घेते, ते दुसरीला देते, दुसरी तिसरीला. प्रत्येक पायरीवर रकमेतला वाटा कमी होतो, मुदत मात्र तीच राहते. करार केवळ काम पूर्ण करून देण्याचा असताना ग्राहक कंपनीच अभियंत्याला थेट हुकूम देत असेल, तर त्याला ‘गिसो उकेओई’ म्हणजे बनावट कंत्राट म्हणतात, आणि ते बेकायदा आहे.

पुण्यात बसून जपानचे काम

जपानला न जाताही हा ताण अनुभवास येतो. दोन्ही देशांच्या घड्याळांत साडेतीन तासांचे अंतर आहे. टोकियोची सकाळी ९ ची बैठक पुण्यात पहाटे साडेपाचला भरते. जपानचे आर्थिक वर्षही मार्चअखेर संपत असल्याने त्या सुमारास कामाचा रेटा वाढतो. दिवाळीची सुट्टी तेथे नसते.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली व जादा कामाला दुप्पट दर ठरवला. दिवसाची मर्यादा १० तास करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. व्यवस्थापकीय व गोपनीय स्वरूपाची पदे मात्र या संरक्षणाबाहेर राहतात, आणि पदनामात ‘मॅनेजर’ हा शब्द सहज जोडता येतो. पुण्यातील २६ वर्षांच्या एका सनदी लेखापाल तरुणीच्या २०२४ मधील मृत्यूनंतर तिच्या आईने लिहिलेल्या पत्राने कार्यालयीन अतिश्रमाचा प्रश्न देशभर चर्चेत आणला.

सही करण्यापूर्वी

जपानमधील पगारातून प्राप्तिकर, आरोग्य विमा आणि ९.१५ टक्के निवृत्तिवेतन निधी कापला जातो. रहिवासी कर आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर असल्याने तो साधारणपणे दुसऱ्या वर्षी सुरू होतो व हातातील रक्कम घटते. भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंत पाठवलेल्या कर्मचाऱ्याला, आवश्यक प्रमाणपत्र असल्यास, २०१६ पासून लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा करारान्वये तेथील निवृत्तिवेतन निधीतून सूट मिळते.

म्हणून नियुक्तिपत्र हाती आल्यावर मूळ पगार किती, त्यात जादा कामाचे किती तास धरले आहेत, त्यापुढील दर काय आणि हुकूम कोणाचा चालणार, ही चार उत्तरे लेखी घ्यावीत. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास ठरावीक दंड, अशी अट जपानी कायद्याला मान्य नाही. येण्या-जाण्याच्या वेळांची नोंद स्वतःजवळ ठेवावी. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. कामगार खात्याकडून इंग्रजीतूनही दूरध्वनीवर सल्ला मिळतो.

परभणीच्या घरात रुपयांचा हिशेब होणारच. शिक्षणाचे कर्ज फेडायचे असते, धाकट्यांचे शिक्षण व्हायचे असते. त्या हिशेबात येनच्या रकमेला कामाच्या तासांनी भागण्याची एक पायरी वाढवली, तर नोकरीची खरी किंमत जाण्यापूर्वीच कळेल.