कॅमेरा घेताय? कंपनी नंतर ठरवा, आधी लेन्सचं गणित समजून घ्या

मोबाईलवर फोटो काढता काढता अनेकांना खऱ्या कॅमेऱ्याची ओढ लागते. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर फ्लेमिंगो उतरतात, पण मोबाईलमध्ये ते पांढरे ठिपकेच दिसतात. रात्रीच्या भजनाचा फोटो काढला तर चेहरे पुसट येतात. मग उसाच्या बिलातले नाहीतर कांद्याच्या पट्टीतले पैसे बाजूला काढून दुकान गाठलं जातं. तिथं पहिली चर्चा सुरू होते ती कॅनन, निकॉन की सोनी याची. पण काय काढायचंय आणि त्याला कोणती लेन्स लागते हे ठरल्याशिवाय कंपनी ठरवली, तर पैसे अडकतात.

माउंट म्हणजे काय?

ट्रॅक्टर एका कंपनीचा आणि रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा असला तरी चालतं. कॅमेऱ्याचं तसं नाही. बॉडीला लेन्स जिथं बसते त्या कड्याला माउंट म्हणतात आणि बहुतेक कंपन्यांचं माउंट वेगळं असतं. निकॉनची लेन्स कॅननला थेट बसत नाही. बॉडी चार-पाच वर्षांत बदलली जाते, पण चांगली लेन्स पंधरा वर्षंही चालते. म्हणून बॉडी घेताना आपण खरं तर पुढच्या सगळ्या लेन्सची कंपनी ठरवत असतो.

जुनं आणि नवं माउंट

आरसा असलेले कॅमेरे म्हणजे डीएसएलआर, बिनआरशाचे म्हणजे मिररलेस. निकॉनचं एफ माउंट १९५९ सालचं, कॅननचं ईएफ १९८७ सालचं. दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी नवीन माउंट आणलं: कॅननचं आरएफ, निकॉनचं झेड. सोनीचं ई माउंट २०१० पासून आणि फुजीफिल्मचं एक्स माउंट २०१२ पासून आहे. नव्या लेन्स आता मुख्यतः मिररलेससाठीच निघतात. त्यामुळे जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स वापरलेल्या बाजारात स्वस्तात मिळतात. नवशिक्याला शिकायला त्या आजही उत्तम आहेत.

जुन्या लेन्स नव्या बॉडीवर अॅडॉप्टर लावून चालतात, पण सगळ्या सारख्या नाहीत. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स आरएफ बॉडीवर अॅडॉप्टरने ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या झेड बॉडीवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा फोकस आपोआप होतो. जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस मात्र एफटीझेड अॅडॉप्टरवर हातानंच करावा लागतो.

इथं फसगत होते

– निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांच्यासाठी लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं पाहावं. नुसती एएफ किंवा एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली तरी फोकस हातानं फिरवावा लागेल.
– एएफ-पी लेन्स काही जुन्या निकॉन बॉडीवर फोकसच करत नाहीत. आपल्याच बॉडीवर लावून बघितल्याशिवाय घेऊ नये.
– कॅननचं ईएफ-एम माउंट २०१२ मध्ये आलं आणि बंदही झालं. एम५० सारख्या बॉडी जुन्या बाजारात दिसतात, पण त्यांच्या ईएफ-एम लेन्स नव्या आरएफ बॉडीवर चालत नाहीत. पुढं बॉडी बदलली की लेन्सही बदलाव्या लागतात.
– कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरला बसत नाही.

सेन्सर मोठा की छोटा?

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी त्याहून लहान, मायक्रो फोर थर्ड्स आणखी लहान. सेन्सर लहान असला की तीच लेन्स जास्त जवळचं दाखवते. ३०० मिलिमीटरची लेन्स निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी बॉडीवर ४५० सारखी, कॅननच्या एपीएस-सीवर ४८० सारखी, तर मायक्रो फोर थर्ड्सवर ६०० सारखी वागते. पक्षी काढणाऱ्याला हा फायदाच आहे. कमी उजेडात मात्र मोठा सेन्सर सरस ठरतो, पण त्याच्या लेन्स महाग आणि जड. हौशी माणसाला एपीएस-सी पुरेसा होतो.

काय काढायचं, त्यावर लेन्स

*रात्रीचं कीर्तन, घरगुती कार्यक्रम, माणसांचे फोटो:* ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स. झूम होत नाही, पण बॉडीसोबत येणाऱ्या लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. कॅनन आणि निकॉन दोघांच्याही जुन्या डीएसएलआरसाठी अशा लेन्स तुलनेनं स्वस्त आहेत. अरुंद घरात ३५ जास्त सोयीची.

*पक्षी, बैलगाडा शर्यत:* निदान ३०० मिलिमीटर. ७०-३०० किंवा ५५-२५० वर सुरुवात करता येते. सिग्मा, टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्स लांबचं ओढतात, पण वजन जवळपास दोन किलो. बांधावर तासभर धरून बघा, मग ठरवा.

*शेत, डोंगर, जत्रेची गर्दी:* बॉडीसोबत येणारी १८-५५ लेन्स चांगलं काम करते. तिला कमी लेखू नये.

*व्हिडिओ:* हात हलला तरी चित्र स्थिर राहणं महत्त्वाचं. कॅनन आर५०, निकॉन झेड३०, सोनी ए६४०० यांच्या बॉडीत सेन्सर स्थिर ठेवण्याची सोय नाही. म्हणून लेन्सवर कॅननला आयएस, निकॉनला व्हीआर, सोनीला ओएसएस ही अक्षरं आहेत का ते पाहावं.

दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स

सिग्मा, टॅमरॉनच्या लेन्समुळे खर्च कमी होतो. सोनीच्या ई माउंटला त्यांची सर्वाधिक निवड आहे. फुजी आणि निकॉन झेडलाही बऱ्यापैकी मिळतात. कॅननच्या आरएफसाठी सिग्मा, टॅमरॉनच्या एपीएस-सी ऑटोफोकस लेन्स २०२४ पासून यायला लागल्या. नाहीतर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला व्हायचा: बॉडी स्वस्त, लेन्सनं मात्र खिसा रिकामा.

वापरलेला माल घेताना

१. लेन्समधून मोबाईलची बॅटरी आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. घेऊ नका.
२. शटर किती वेळा चाललंय ते विचारा. साध्या बॉडीचं शटर साधारण १ लाख क्लिकच्या आसपास चालेल असं धरतात. निकॉनमध्ये हा आकडा मूळ फोटोच्या माहितीत सापडतो, कॅननमध्ये बहुधा सापडत नाही.
३. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर काढा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.
४. बॅटरी फुगलेली नको. चार्जर मूळ कंपनीचा असावा.
५. नवा माल घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. बिनबिलाचा माल स्वस्त पडतो, पण बिघडल्यावर कोणी दारात उभं करत नाही.

घरी आणल्यावर

पावसाळ्यात चामड्याच्या बॅगेत किंवा कपाटात कॅमेरा बंद ठेवला की बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. खळ्यावर, मळणी चालू असताना लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर बॉडीचं तोंड खाली ठेवून बदला.

पैशाची वाटणी

सगळे पैसे बॉडीत घालू नयेत. मेमरी कार्ड, जादा बॅटरी, बॅग यांचा खर्च आधी वेगळा काढावा. उरलेल्यात साधी बॉडी आणि आपल्या कामाची एक चांगली लेन्स बसवावी. दोन सिस्टीममध्ये अडलात तर हवी ती लेन्स कुठं परवडते आणि जवळच्या शहरात दुरुस्ती कोणाची होते, एवढं बघा. गावात कोणाकडं एखाद्या कंपनीच्या लेन्स असतील तर तीच कंपनी घ्या. लग्नसराईत लेन्स उसनी मिळते आणि शिकवणारा माणूसही हाताशी असतो.