पुठ्ठ्याचें मोहेंजोदडो आणि कातळावरील हत्ती

शाळांतील प्रदर्शनांचा हंगाम आला म्हणजे आमच्या रत्नागिरींतहि मोहेंजोदडो नगर ठिकठिकाणीं पुनः उभें राहातें. तें पुठ्ठ्याचें असतें, त्याच्या महास्नानगृहाच्या तळाशीं निळा कागद चिकटविलेला असतो, आणि रस्त्यावर कोणाच्या तरी धाकट्या भावाच्या खेळण्यांतील बैलगाडी उभी असते. परीक्षक म्हणून अशा प्रदर्शनांस जाण्याचा योग आम्हांस पुष्कळदां आलेला आहे. एकदां एका शाळेंत अशीं चार नगरें ओळीनें मांडलेलीं पाहून आम्हीं सहावींतील एका मुलास विचारलें, "बाळ, हें स्नानगृह खरोखरीचें केवढें होतें रे?" त्यानें क्षणभर पुठ्ठ्याकडे पाहिलें आणि दोन्ही हात फूटभर पसरून दाखविले. त्याचे वडील मागेंच उभे होते. रात्रीं जागून नगर कोणीं वसविलें, हें त्यांच्या बोटांवरील वाळलेल्या डिंकावरून सहज कळत होतें. तें स्नानगृह सुमारें १२ मीटर लांब व ७ मीटर रुंद आहे, म्हणजे ज्या दालनांत आम्ही उभे होतों त्याहूनहि तें मोठें, असें सांगितल्यावर मुलाचे डोळे विस्फारले. वडिलांचेहि विस्फारले, हें येथें नमूद केलें पाहिजे.

'प्रकल्प' हा शब्द शाळांतून आतां इतका रुळला आहे कीं त्याचा जन्म कशासाठीं झाला याचें स्मरण फारसें कोणास राहिलेलें दिसत नाहीं. जॉन ड्यूई यांनीं १८९६ सालीं शिकागो येथें एक प्रायोगिक शाळा काढली. तेथील मुलांस प्राचीन मनुष्याचा इतिहास शिकवावयाचा तर त्यांच्या हातीं पुस्तक न देतां कापसाचीं बोंडें व कच्ची लोंकर दिली जाई. एका तुकडीनें अर्धा तास खपून हातांनीं सरकी वेगळी केली, तेव्हां जमलेला कापूस एक औंसहि भरला नाहीं. आपले पूर्वज सुती सोडून लोंकरीचीं वस्त्रें कां वापरीत, याचें उत्तर त्या मुलांस त्यांच्या दुखऱ्या बोटांनींच दिलें. पुढें १९१८ सालीं किलपॅट्रिक यांनीं या पद्धतीस 'प्रकल्प-पद्धति' म्हणून शास्त्रीय रूप दिलें. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा योजनेनें हस्तोद्योगास शिक्षणाचें केंद्र मानलें. बोर्डी व कोसबाड येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं भोंवतालच्या पानाफुलांतून व शंखशिंपल्यांतून शिक्षणाचें साहित्य निर्माण केलें. या सर्व खटाटोपाचा वारसा म्हणून आपल्या हातीं काय उरलें? तर पुठ्ठा, डिंक आणि निळा कागद.

सिंधु-संस्कृतीचा विषय प्रकल्पास अयोग्य आहे असें मात्र कोणी समजूं नये. तेथील विटांची लांबी, रुंदी व जाडी यांचें प्रमाण ४:२:१ असे आहे. हें वाक्य मुलें घोकतात व विसरतात. त्याच प्रमाणाचे लहानसे सांचे करून मातीच्या पन्नास विटा पाडावयास सांगाव्या व त्यांची भिंत रचावयास सांगावी. दोन आडव्या विटांची रुंदी एका उभ्या विटेच्या लांबीबरोबर बसते, म्हणून थर एकमेकांत अडकतात व भिंत हालत नाहीं, हें पांचव्या थराला मूल आपण होऊन ओरडून सांगेल. तेथील लहान वजनें दुपटीनें वाढत जातात. एक ताजवा आणि कांहीं खडे घेऊन तो हिशेबहि मांडतां येतो. पण हा विस्तार येथें पुरे. सिंधूचें खोरें आमच्यापासून दूर आहे, आणि आमच्या दाराशीं जें आहे त्याविषयीं आम्हांस मुख्यतः बोलावयाचें आहे.

रत्नागिरी व राजापूर तालुक्यांतील जांभ्याच्या सड्यांवर प्राचीन मनुष्यानें कोरलेलीं शेंकडों चित्रें आहेत, हें आतां बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांचे सोबती यांनीं गुराख्यांस व गांवकऱ्यांस विचारीत, उन्हातान्हांत सडे पालथे घालून त्यांतील पुष्कळ उजेडांत आणलीं. २०२२ सालीं कशेळी, उक्षी, बारसू, देवीहसोळ इत्यादि ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत समावेश झाला. त्यांचा काळ अद्याप निश्चित झालेला नाहीं. कांहीं अभ्यासक तो दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागें नेतात. आज कोंकणांत नांवालाहि नसलेला गेंडा त्यांत आहे. शेतीचें चित्र मात्र आढळत नाहीं. कशेळीच्या सड्यावरील हत्ती तर सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या देहाच्या रेषेंत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत.

आमचे एक जुने विद्यार्थी एका खेड्यांतील शाळेंत शिक्षक आहेत. त्यांनीं आम्हांस एके दिवशीं बोलाविलें. त्यांच्या सातवीच्या वर्गानें कशेळीचा हत्ती शाळेच्या पटांगणावर पूर्ण आकारांत, चुन्याच्या फक्कीनें काढावयाचें ठरविलें होतें. जवळ वरून घेतलेलें एक छायाचित्र होतें, सुंभाची दोरी होती, आणि चोवीस मुलें होतीं. पुढारीपण घेतलेला मुलगा हत्तीच्या पोटांत मधोमध उभा राहून हुकूम सोडूं लागला. अर्ध्या तासानें हत्तीची पाठ कबड्डीच्या मैदानांत शिरली व सोंड विहिरीच्या कठड्यास जाऊन अडली. जो रेघ ओढीत होता त्यास आपली रेघ पाठीची कीं पायाची हें कळत नव्हतें. शेवटीं एक मुलगी शाळेच्या गच्चीवर चढली, आणि तेथून "डावीकडे, अजून डावीकडे" असें ओरडूं लागली. तेव्हां कोठें हत्ती हत्तीसारखा दिसूं लागला.

मग शिक्षकांनीं एकच प्रश्न विचारला. सड्यावर गच्ची कोठें होती?

वर्ग गप्प झाला. सडा म्हणजे सपाट कातळ. तेथें झाडहि उंच वाढत नाहीं. ज्यानें हा हत्ती कोरला त्यानें तो असा सबंध, वरून, बहुधा कधीं पाहिलाच नसेल. मग प्रमाण कसें साधलें? एका मुलानें सांगितलें कीं आधीं लहान चित्र काढून तें पावलांनीं मोजून वाढविलें असेल. दुसऱ्यास वाटलें, माणसें ओळीनें उभीं करून आकार ठरविला असेल. गच्चीवरील मुलगी म्हणाली, "सर, मला पाहायला गच्ची लागली, म्हणजे त्याला येत होतं तें मला येत नाही." या प्रश्नाचें उत्तर गुरुजींपाशींहि नव्हतें व आमच्यापाशींहि नव्हतें. चाळीस मिनिटांच्या तासांत शिक्षक आणि विद्यार्थी एकाच अज्ञानापुढें उभे आहेत, असा प्रसंग आमच्या सबंध नोकरींत आम्हांस क्वचितच आला आहे.

त्याच वर्गांत दुसरी एक गोष्ट घडली. बारसूच्या सड्यावर एक मनुष्याकृति असून तिच्या दोन्ही बाजूंस वाघासारखे पशु आहेत. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरहि दोन वाघांमधील मनुष्य आहे. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवतांच मुलांनीं निकाल दिला कीं सिंधूकडील माणसें राजापुरास आलीं होतीं! असा निकाल देण्याचा मोह थोरथोर पंडितांसहि आवरत नाहीं, मग मुलांचें काय? शिक्षकांनीं तो खोडून काढला नाहीं. हा संबंध सिद्ध करावयाचा तर आणखी काय काय सांपडावें लागेल, याची यादी त्यांनीं मुलांकडून करून घेतली. यादींत मडकीं आलीं, विटा आल्या, वजनें आलीं. बारसूस यांतील काय मिळालें आहे, या प्रश्नाशीं मुलें आपण होऊन थांबलीं. सादृश्य म्हणजे संबंध नव्हे, हें आम्ही पदवीच्या वर्गांत तीन वर्षें सांगतों, आणि उत्तरपत्रिकांवरून पाहातां तें कोणास पटलेलें दिसत नाहीं.

येथें एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वी आम्ही स्वतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सहल एका सड्यावर नेली होती. चित्र छायाचित्रांत नीट उठत नाहीं म्हणून मुलांनीं रेषांत पांढरी रांगोळी भरली. आम्ही पाहात होतों व आम्हीं तें होऊं दिलें. एवढेंच नव्हे, तर तें छायाचित्र कौतुकानें भिंतीवर लाविलें. कोरीव रेषेंत बाहेरची पूड भरणें व ती काढावयास घांसणें म्हणजे अभ्यासकाच्या पुराव्याची माती करणें होय, हें आम्हांस पुढें एका जाणत्यानें सांगितलें. छायाचित्र आम्हीं उतरविलें, पण भरलेली रांगोळी आम्हांस परत घेतां आली नाहीं. सर्व उपद्व्याप शाळेच्या पटांगणावर करावा आणि कातळावर फक्त डोळे व वही न्यावी, हा त्या शिक्षकांचा नियम आम्हांस यामुळें विशेष मोलाचा वाटतो.

सड्यांवर दुसरींहि संकटें आहेतच. २०२३ सालीं बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यासाठीं जमिनीची चांचणी सुरू झाली तेव्हां गांवकऱ्यांनीं केलेला विरोध सर्वत्र गाजला. त्या मानानें चिरेखाणींचा बोभाटा होत नाहीं. आमचीं घरें जांभ्याच्या चिऱ्यांचीं आहेत, हा लेख ज्या खोलींत लिहिला तिच्या भिंतीहि त्याच आहेत. तेव्हां खाणवाल्यांस शिव्याशाप देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

हत्ती पुरा झाला त्या दिवशीं सर्व मुलें गच्चीवर चढलीं होतीं. एक मुलगा तेवढा खालीं राहिला होता. त्याचे वडील चिरेखाणीवर काम करतात. तो शिक्षकांजवळ येऊन म्हणाला कीं असल्या रेघा आमच्या खाणीच्या कातळावरहि होत्या, आपण लहानपणीं त्यांवरून चालत असूं. आतां कोठें आहेत, असें विचारतां, ते चिरे केव्हांच गेले, असें तो म्हणाला. शिक्षकांनीं त्यास वही दिली. आठवेल तसें त्यानें काढलें: एक मोठा मासा, शेपटाकडून अर्धा, आणि त्याच्या पोटाखालीं वाटोळें कांहीं तरी. डोक्याकडचा भाग आपल्या आठवणीपूर्वींच कापला गेला होता, असें त्यानें सांगितलें. तें पान त्या वर्गाच्या प्रकल्पवहींत शेवटीं लाविलेलें आहे. खालीं शिक्षकांनीं मुलाच्या सांगण्यावरून गांवाचें व खाणीचें नांव आणि तारीख घातली आहे, व कंसांत 'मूळ उपलब्ध नाहीं' असें लिहिलें आहे.