ल्यूथिएनची माया

आंगबांद या दुष्टांच्या गडाच्या दाराशी कार्खारोथ नावाचा प्रचंड लांडगा पहाऱ्याला बसवलेला आहे. मर्त्य बेरेन आणि त्याची प्रेयसी ल्यूथिएन वेष पालटून तिथवर आले आहेत, पण लांडग्याला संशय येतो आणि वाट अडते. तेव्हा ल्यूथिएन अंगावरचे सोंग टाकून देते आणि त्याच्यासमोर उभी राहते. जे. आर. आर. टॉल्किनच्या 'द सिल्मरिलियन'मध्ये (१९७७) या जागी जे सांगितले आहे त्याचा आशय असा, की पुरातन दैवी वंशातून उतरलेली कुठलीशी शक्ती अचानक तिच्यात संचारते. ती लांडग्याला झोपायला फर्मावते आणि तो जागच्या जागी कोसळतो.

ही शक्ती कोणती? मराठी वाचकाच्या तोंडी पटकन येईल ते उत्तर म्हणजे 'प्राचीन जादूचा वारसा'. तीन शब्दांपैकी 'प्राचीन' खरा आहे. 'जादू' आणि 'वारसा' मात्र या मुलीच्या अंगाला बसत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. टॉल्किन स्वतः शब्दांचा माणूस होता. १९१९-२० मध्ये तो ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी शब्दांच्या व्युत्पत्त्या लावत बसायचा. त्याच्या नायिकेच्या बाबतीत शब्द सैल वापरला तर कथाही सैल होते.

'जादू' आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीत तो अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथात भेटणाऱ्या जुन्या इराणी 'यातु'पासून उतरला. शब्दाच्या आरंभीच्या 'य'चा फारसीत 'ज' होतो, जसा 'युवन्'च्या भावंडाचा 'जवान' झाला. दोन स्वरांमधला 'त' तिथे 'द' होतो, जसा 'भ्रातृ'च्या भावंडाचा 'बिरादर'. म्हणजे 'यातु'चा 'जादू' होणे अगदी नियमाला धरून आहे. आता गंमत पाहा, हाच 'यातु' वैदिक संस्कृतातही होता. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले एकशे चौथे सूक्त यातुधानांविरुद्धच्या, म्हणजे यातु करणाऱ्यांविरुद्धच्या, संतापाने पेटलेले आहे. त्यात ऋषी शपथेवर सांगतो, की मी यातुधान असेन तर आजच मरेन, आणि खोटा आळ घेणाऱ्याला शाप देतो. परंपरेने हे सूक्त वसिष्ठांच्या नावावर आहे. अथर्ववेदात यातुधानाबरोबर यातुधानीही येते. आपण हा शब्द घरात विसरलो आणि काही शतकांनी इराणच्या वाटेने तो पाहुणा म्हणून परत घेतला. पण दोन्ही घरांत त्याची अब्रू सारखीच होती. अवेस्तातही यातु म्हणजे निंद्य, धर्माबाहेरचे.

इंग्रजीतल्या 'मॅजिक'चे मूळही इराणातच सापडते. इराणी धर्मगुरूंना 'मगु' म्हणत. ग्रीकांनी त्याचे 'मागोस' केले आणि त्या परक्या पुरोहितांच्या विद्येला जे नाव पडले ते युरोपभर जादूचे नाव झाले. मुंबईचे पारशी ज्याला 'मोबेद' म्हणतात त्या धर्मगुरूच्या नावातही तोच 'मगु' दडलेला आहे. ज्या धर्माने यातूचा धिक्कार केला त्याच धर्माच्या पुरोहितांवरून परक्यांनी जादूला नाव द्यावे, याचे मला फार वाईट वाटते. शेजाऱ्याच्या पूजेला चेटूक ठरवण्याची माणसाची खोड किती जुनी आहे, ते या एका शब्दात दिसते.

जादूचे मराठीतले इतर शब्द पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. 'करणी' हा 'करणे'वरून आलेला. अथर्ववेदातली 'कृत्या' ही त्याच 'कृ'ची लेक, म्हणजे केलेली, घडवून दुसऱ्यावर सोडलेली. पोर्तुगिजांचा 'फेइतिसु'ही लॅटिनमधल्या 'करणे'वरूनच आला. इतक्या दूरच्या भाषांनी एकच गोष्ट हेरली: जादू ही करावी लागते. तिला कर्ता लागतो, साहित्य लागते, क्रम लागतो, आणि म्हणून ती शिकता येते, शिकवता येते, चुकतेही. आपल्याकडे जादूगार प्रयोग करतो, मांत्रिक करणी करतो. महाराष्ट्राच्या २०१३च्या कायद्याच्या नावातला 'जादूटोणा'ही असाच, कोणीतरी कोणावर तरी केलेला; म्हणून तर त्याला गुन्हा ठरवता आले.

ल्यूथिएन असे काही करते का? करते, आणि तिथेच हा प्रश्न रंगतो. टॉल्किनने ही कथा पहिल्यांदा १९१७ मध्ये लिहिली, तेव्हा नायिकेचे नाव तिनूविएल एवढेच होते. बाप तिला उंच झाडावरच्या घरात कोंडतो. ती मध्यरात्री चांदीच्या भांड्यात, एक शब्दही न बोलता आणलेले पाणी मागते, आणि भर दुपारी सोन्याच्या सुरईतून, गात गात आणलेले द्राक्षमद्य मागते. दोन्ही मिसळून ती जगातल्या लांबच लांब वस्तूंची नावे गाण्यात गुंफते: बुटक्यांच्या दाढ्या, लांडग्याची शेपटी, महासर्पाचे अंग. मग तिचे केस वाढतात आणि त्या केसांचा ती झोप आणणारा झगा विणते. ही शंभर टक्के करणी आहे. वेळ ठरलेली, भांडे ठरलेले, मौन ठरलेले. आपल्या खेड्यातली म्हातारी हे ऐकून मान डोलावेल.

पण सहा दशकांनी छापल्या गेलेल्या 'सिल्मरिलियन'मध्ये पाणी नाही, मद्य नाही. ती आपली कला वापरते आणि केस वाढतात, एवढेच. आणि लांडग्यासमोर तर तेवढेही नाही. माझ्या मते हा नुसता संक्षेप नाही. टॉल्किन म्हातारा होत गेला तशी त्याच्या मनातली या मुलीची शक्ती हातातून अंगात सरकत गेली. १९५४च्या एका पत्राच्या मसुद्यात त्याने हे उघड मांडले, की त्याच्या कथांमधली ही 'जादू' मंत्रविद्या शिकून मिळत नाही, ती उपजत असते आणि निव्वळ माणसाच्या आवाक्यात नसते.

या सरकण्यासाठी मराठीत नेमके शब्द आहेत. देवी अंगात येते आणि जाते, ती बाहेरची. पण 'अंगची हुशारी', 'अंगचे कसब' म्हणतो तेव्हा ते कुठून येत नाही, तिथेच असते. लांडग्यासमोरचा प्रसंग वाचताना क्षणभर वाटते की हिच्या अंगात आले. मूळ वाक्याची ठेवणही तशीच आहे, शक्तीने तिला ताब्यात घेतले अशी. मात्र जे आले ते तिच्या आईचे होते, म्हणजे तिच्या अंगचेच होते. अंगात येणे आणि अंगचे असणे यांतली भिंत तिथे पडते.

आता 'वारसा'. अरबीतून आलेला हा शब्द, 'वारस' त्याचाच, आणि मराठेशाहीच्या दप्तरांत भेटणारी 'मिरास'ही त्याच धातूची. संस्कृतात यासाठी दोन शब्द होते आणि दोघांचा स्वभाव वेगळा. 'रिक्थ' म्हणजे मागे राहिलेले, 'रिच्'पासून. 'रिक्त' आणि आपला 'रिकामा' त्याच घरचे. कोणीतरी जागा रिकामी करून गेल्यावर जे उरते ते रिक्थ. दुसरा 'दाय', 'दा'पासून, म्हणजे दिलेले. ल्यूथिएनची आई मेलियान ही मायार या देवयोनीतली, तिला मरणच नाही. मुलगी आपली शक्ती वापरते तेव्हा आई जिवंत आहे, आणि पुढे बेरेनसाठी मर्त्यपण पत्करून कायमची जाते ती मुलगी. मागे उरते आई. वारसाहक्काचा सगळा क्रम इथे उलटा झाला आहे, आणि या कथेतले सर्वांत खोल दुःख मला नेहमी मेलियानचेच वाटत आले आहे. तिच्या मुलीला मिळाले ते रिक्थ नव्हे, दाय. टॉल्किनने रचलेल्या भाषांत 'मेल' हा प्रेमाचा धातू आहे आणि 'मेलियान' ज्या रूपावरून आला त्या 'मेल्यान्ना'चा अर्थ होतो 'प्रिय देणगी'. व्युत्पत्ती लावणारा माणूस नायिकेच्या आईचे नाव सहज ठेवत नाही.

म्हणून मी शब्द सुचवतो तो 'माया'. 'मायार' आणि 'माया' सारखे वाजतात म्हणून नव्हे. टॉल्किनचा 'माया', म्हणजे 'मायार'चे एकवचन, त्याच्या भाषेतला, 'सुंदर' अशा अर्थाचा. आपल्याशी त्याचे नाते नाही, आणि नुसत्या नादावरून नाती जुळवण्याने शब्दचर्चेचे फार नुकसान झाले आहे. आपली माया बहुतेक अभ्यासक 'मा' या, मोजणे, मापून घडवणे अशा अर्थाच्या धातूशी जोडतात. ऋग्वेदात ती वरुणाची आहे, इंद्राची आहे, असुरांचीही आहे. इंद्र मायांच्या बळावर अनेक रूपे घेतो. निघंटू या प्राचीन वैदिक शब्दसंग्रहाने तर तिला प्रज्ञेच्या नावांत बसवले आहे, 'धी' आणि 'शची' यांच्या पंगतीला. ती काही शिकलेली विद्या नव्हे. ती देवाच्या देवपणातच असलेली घडवण्याची ताकद. आभास हा अर्थ पुढे वेदान्ताने ठळक केला.

मराठीने मात्र तिला वेगळ्याच अंगणात वाढवले. आईची माया, म्हणजे जीव लावणे. गडगंज माया जमवली, म्हणजे धन. आणि शिवणीतली माया! पोरीच्या परकराला शिंपी आत कापड दुमडून माया सोडतो, पोर वाढली की शिवण उसवायची आणि परकर सैल करायचा. 'माय' हा शब्द 'मातृ'वरून आला, त्याचे मूळ वेगळे, पण बोलणाऱ्याच्या कानात माय आणि माया एकमेकींना चिकटून आहेत. घडवण्याची दैवी ताकद, आईचे प्रेम, पुढच्याला मिळणारे धन, आणि वाढीसाठी आतच ठेवून दिलेले कापड. ल्यूथिएनला आईकडून मिळालेले एवढे सगळे एका शब्दात सांगणारी दुसरी भाषा मला माहीत नाही.

आक्षेप येईल की माया म्हणजे फसवणूकही. खरे आहे, आणि ती तक्रार टॉल्किनच्या कथेतच आहे. 'द फेलोशिप ऑफ द रिंग'मध्ये गॅलाड्रिएल ही एल्फ-स्त्री सॅम या हॉबिटला म्हणते, की तुम्ही ज्याला जादू म्हणता त्याचा अर्थ मला नीट कळत नाही, कारण शत्रूच्या कपटालाही तुम्ही तोच शब्द लावता. मराठीत या तक्रारीची सोय प्रत्ययांनी केली आहे. मारीच मायावी, आजी मायाळू. ल्यूथिएनच्या कथेतला खलनायक सॉरॉन लढताना लांडगा होतो, साप होतो; तो निखळ मायावी. ल्यूथिएनही वटवाघळाचे कातडे पांघरून आंगबांदपर्यंत जाते, म्हणजे तीही तोवर मायावीच असते. लांडग्यासमोर ती ते कातडे उतरवते. अनुवादकाने या ओळीपाशी थांबावे, 'मायावी वेष' इथेच संपवावा, आणि पुढच्या वाक्यात लिहावे की तिच्या आईची माया तिच्या अंगी जागी झाली.