निशाणी नांगराची, मजकूर सावकाराचा

पाबळचे नाव काढले की लोकांना मस्तानीची समाधी आठवते. इतिहास शिकवताना मी मात्र मुलांना आमच्या शिरूर तालुक्यातली आणखी एक गोष्ट आवर्जून सांगत असे.

डिसेंबर १८७४ मध्ये करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गाव चिडले. सावकारांशी व्यवहार बंद झाला. हे लोण पसरत गेले आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात भडका उडाला. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच.

लोक मागत काय, तर कर्जखते आणि हुकूमनामे. हाती आले की जाळून टाकत. माणसांना इजा क्वचितच झाली. राग कागदावर होता.

का बरे? १८५९ च्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. व्याज साचू नये हा हेतू. पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागले. शेतकऱ्याला अक्षरओळख नाही. तो बिचारा नांगराची निशाणी करून मोकळा! पैसे फेडले तरी पावती मिळेलच असे नाही आणि कोर्टात तोंडी बोलणे टिकत नसे. सगळेच सावकार लबाड होते असे मी म्हणणार नाही. वाढलेला सारा रोखीने भरायला शेतकऱ्याला त्यांचाच आधार होता. पण लिहिणारा एकटाच जाणता असला की दुसऱ्याला विश्वासाशिवाय गती नसते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी कायदा केला. खत गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावे, पैसे दिल्यावर लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा. शिवाय कोर्टाने नुसता कागद न पाहता मूळ व्यवहारात शिरावे. निशाणी आहे म्हणजे संमती आहे असे नव्हे, हे त्यात मान्य झाले. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. म्हणजे दीडशे वर्षांनंतरही हे सांगावेच लागते!

नातवंडांनो, तुमच्यापैकी कुणी बँकेत, कुणी विमा कंपनीत आहात. समोरच्याची सही घेण्याआधी त्याला एकच विचारा, 'काय समजलं, सांगा बघू.'